संगणकाचा रुसवा

भाद्रपद लागावयास अवघे चार दिवस उरले होते. मॉरिशसच्या मध्यभागी, वाक्वाच्या पठारावर, हा काळ हिवाळ्याचा. दिवसचे दिवस बारीक पाऊस भुरभुरत असतो, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि कपाटातील पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो. अशाच एका सकाळी एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरी संगणकाने असहकार पुकारला.

बटण दाबले की पंखा फिरे, पडद्यावर विंडोजचे चिन्ह उमटे, त्याखाली पांढरे ठिपके वर्तुळात धावू लागत, आणि इतक्यात सारा पडदा निळा होई. त्यावरील अक्षरे वाचावी तो यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. गुरुजींनी हा खेळ दुपारपर्यंत अकरा वेळा पाहिला. दर वेळी त्यांना वाटे, आता तरी चालेल.

यंत्र दहा वर्षांचे जुने. त्याची किंमत ती काय असणार! परंतु त्याच्या पोटात जे होते ते बाजारात मिळणारे नव्हते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतील खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा गुरुजींनी मोठ्या खटपटीने मिळविला होता. क्रमांक, बापाचे नाव, वय, गाव आणि मुंबईहून ज्या जहाजाने ते आले त्याचे नाव, एवढाच काय तो मजकूर. तो कागद हरवता तर पुन्हा अर्ज करता आला असता. आईचा आवाज मात्र पुन्हा मिळणार नव्हता. फेब्रुवारी १९६० च्या कॅरोल वादळात घराचे छप्पर उडाले आणि वडिलांनी हाताने उतरून ठेवलेली गाण्यांची वही चिखलात गेली. तेव्हा गुरुजी दहा वर्षांचे होते. पुढे आईने आठवतील तेवढी गणपतीपुढची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या म्हटल्या व मुलाने त्या कॅसेटवर घेतल्या. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा त्या संगणकात उतरवून टाकून दिल्या. दुसरी प्रत काढावयाची राहून गेली होती. शाळेत चाळीस वर्षे मुलांना ‘वही नीट ठेवा’ म्हणून सांगणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, याला काय म्हणावे!

गावातील एका दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडताच निकाल दिला, की सारे पुसून विंडोज नव्याने घालावे लागेल. गुरुजी काही न बोलता यंत्र घेऊन परत आले.

रविवारी नात आली. ती कोड्यासारखी कामे हौसेने करते. समजावून सांगायचे ते ती क्रिओलमध्ये सांगते आणि रागवायचे तेवढे मराठीत.

“आजोबा, आता बटणाला हात लावू नका,” ती म्हणाली. आतील डिस्कच दुखावली असेल तर दर वेळच्या धडपडीने ती अधिकच खालावते, हे तिचे म्हणणे. प्रथम तिने प्रिंटर आणि इतर तारा काढल्या. फरक पडला नाही. सुरुवात वारंवार अडखळली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे करते. तेथून तिने आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद केली. आता निळा पडदा स्थिर राहिला आणि त्यावरचे शब्द वाचता आले. पहिल्यांदा त्यात मेमरी मॅनेजमेंटचा उल्लेख होता. दुसऱ्या खेपेस निराळीच तक्रार. एखादी फाईल बिघडली असती तर बहुधा तेच तेच गाऱ्हाणे पुन्हा आले असते. येथे दर वेळी बोल बदलत होते, म्हणून तिचा संशय रॅमच्या पट्ट्यांवर गेला.

तरीही दुरुस्तीला तिने हात घातला नाही. वीज तोडून, पेटीच्या धातूला स्पर्श करून, तिने हार्ड डिस्क बाहेर काढली आणि तारेने आपल्या लॅपटॉपला जोडली. ज्या यंत्राची स्मरणशक्तीच भ्रष्ट आहे त्याच्याकडून नक्कल करविली तर नक्कलही भ्रष्ट होण्याचा धोका असतो, हे तिला ठाऊक होते. डिस्क शाबूत निघाली. सारी गाणी दोन ठिकाणी उतरेपर्यंत गुरुजी खुर्चीवर बसून होते. चहा निवून गेला तरी त्यांच्या लक्षात आले नाही.

मग पट्ट्यांची पाळी आली. प्रत्येकी चार जीबीच्या दोन पट्ट्या. पहिल्या खाचेत कोणतीही एक लावली की यंत्र सुरळीत सुरू होई. दुसऱ्या खाचेत पट्टी बसवताच निळा पडदा. म्हणजे पट्ट्या निर्दोष, दोष खाचेत! तरी तिने शाळेच्या खोडरबराने पट्ट्यांची सोनेरी टोके हलकेच पुसली. रबर काळे झाले. वाक्वाच्या दमट हवेने धातूलाही सोडले नव्हते. खाचेतील गंज मात्र निघेना. शेवटी एकाच पट्टीवर यंत्र ठेवून रात्रभर मेमरीची तपासणी चालविली. सकाळी एकही चूक दिसली नाही.

संगणक चालू झाला, परंतु निम्म्या बळाने. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नवी आवृत्ती या जुन्या यंत्रास मानवत नाही. म्हणून नातीने त्याची इंटरनेटची तार कायमची काढून टाकली. गुरुजींची याविषयी तक्रार नव्हती. त्यांना त्यावर पत्ते खेळायचे नव्हते.

त्यांनी पहिली ध्वनिफीत लावली. खरखर झाली, मागे कोंबडा आरवला, आणि आईचा आवाज आला. नातीने तो पूर्वी ऐकला नव्हता. एका ओवीत खारेपाटणचे नाव आले तेव्हा तिने विचारले, “हे कुठे आहे, आजोबा?”

“कोकणात,” गुरुजी म्हणाले, “मीही पाहिलेले नाही.”

तिने ती ओवी पुन्हा लावली. दुसरी पट्टी कागदात गुंडाळून खणात ठेवली होती; ती आजही तेथेच आहे, खोडरबराशेजारी.