कोतूळला किती चालू आहे?

राहुरीत पावसाळ्यात लोक एकमेकांना आपल्याकडचा पाऊस फारसा विचारत नाहीत. विचारतात ते, "कोतूळला किती चालू आहे?" राहुरी पर्जन्यछायेतली. इथल्या आभाळाच्या भरवशावर कुणी ऊस लावलेला नाही. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम पावते, अकोले तालुक्यातल्या कोतूळवरून वाहते आणि बारागाव नांदूरला धरणात येऊन थांबते. कोतूळला नदी किती क्युसेकनं वाहते, या एका आकड्यावर इथला माणूस पुढच्या सालचा ऊस, सोसायटीचं कर्ज आणि घरातलं लग्न मांडतो.

धरणाची क्षमता २६ हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे २६ टीएमसी. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही हा आकडा पाठ असतो. ज्या साली तो गाठला जातो आणि अकरा दरवाजे उघडतात, त्या साली लोक लेकराबाळांना घेऊन पाणी बघायला जातात. त्या साली वाद नसतो. आकडा अठरा-एकोणीस हजारांवर अडला, की सप्टेंबर सरता सरता चहाच्या टपरीवरचा प्रश्न बदलतो: "नाथसागर किती टक्के?" एवढं कुणी म्हणालं, की बाकांवरची माणसं सरसावून बसतात.

गोदावरीवर आमच्या खालच्या अंगाला असलेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचा हा नाथसागर. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. एकूण साठा शंभर टीएमसीच्या वर. त्यातला मृतसाठाच २६ टीएमसीचा, म्हणजे आमचं अख्खं मुळा धरण त्याच्या तळाशी मावेल. हे वाक्य वादात कुणीतरी टाकतंच. राहुरीचा माणूस ते म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, एवढ्या मोठ्या पोटाला आमचा घास कशाला हवा. पैठणचा माणूस तेच म्हणेल तेव्हा अर्थ निघेल, एवढं मोठं पोट रिकामं ठेवून तुम्ही जेवता कसे.

पाणीवाटपाचा कायदा २००५ साली झाला तेव्हा आमच्याकडं त्याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमाचा अर्थ दुष्काळानं समजावला. २०१२ साली वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी गेलं. मग २०१३ साली मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश निघाला, २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. १५ ऑक्टोबरला साठे तपासायचे आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर नाशिक-नगरच्या धरणांनी आपापल्या वाट्याची तूट भरून द्यायची, असा नियम बसला. २०१४, २०१५, २०१८, २०२३. पाणी गेलेली ही सालं इथं लोक घरातल्या मयतांच्या सालांसारखी सांगतात. २०२३ साली आदेश होता सुमारे ८.६ टीएमसीचा, त्यात मुळेच्या वाट्याला २.१ आलं.

आता वाद. तो दर वेळी नव्यानं पेटतो, पण त्यातली वाक्यं जुनी असतात. एक जण म्हणतो, आधी पिण्याचं म्हणायचं आन् नंतर पाणी जातं कुठं, कारखान्यांना! दुसरा म्हणतो, नदीचं पात्र कोरडं, निम्मं पाणी वाटेत मुरणार. तिसरा नाथसागराच्या पसरट पात्रावर बोट ठेवतो: उथळ धरण, उन्हाळ्यात सगळं उडून जातं. चौथा सगळ्यांत जुना मुद्दा काढतो, की जायकवाडी बांधताना खोऱ्यात नसलेलं पाणी कागदावर धरलं. एवढ्यात कोपऱ्यातला कुणी हळूच म्हणतो, "आन् आपला ऊस?" तिथं आवाज चढतात. ऊस किती पाणी पितो, ठिबक किती जणांनी केलं, पाच-सहा किलोमीटरवर कृषी विद्यापीठ असून आपण किती शिकलो, सगळं निघतं. ग्लास आपटला जातो. कुणी पैसे ठेवून ताडकन उठून जातं.

शेवटी सगळ्यांचं एका वाक्यावर एकमत होतं: पश्चिमेकडं समुद्राला जाणारं पाणी पूर्वेला वळवा, म्हणजे कुणाचंच भांडण राहणार नाही. मला या एकमताची भीती वाटते. वळवलेलं पाणी येईल तेव्हा येईल. तोवर आहे त्या पाण्याचं बोलणं मात्र तिथंच थांबतं.

या वादांना रिकामटेकड्यांची बडबड म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग लागतो, हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, टपरीवरच्या एका तावातावाच्या भांडणानं शिकवलं. मृतसाठा म्हणजे काय, पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म न भरता पाणी घेतलं तर काय होतं, कालवा सल्लागार समितीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे ज्ञान इथं भांडणातूनच एका पिढीकडून दुसरीकडं गेलंय. हरलेला माणूस घरी जाऊन आकडा तपासतो आणि दुसऱ्या दिवशी कात्रण घेऊन येतो. तेच तेच भांडण पुन्हा होतं हे खरं, पण दर खेपेला कुणीतरी नवा पोरगा कडेला उभा राहून ते पहिल्यांदाच ऐकत असतो.

आणि हा वाद फक्त पैठणशी नाही. धरणाचा उजवा कालवा राहुरीतून नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडं जातो. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी आमच्याबद्दल काय बोलतो ते एकदा त्याच्या बांधावर बसून ऐकावं. वरच्यांनी डोंगळे टाकले, चारी फोडली, आवर्तन सुटलं पण आमच्याकडं पोचेस्तोवर बंद झालं. नियम टेलपासून वर भिजवत येण्याचा, आणि पाणी मात्र वरच्यांच्या उसात. जायकवाडीचा शेतकरी आमच्याविरुद्ध बोलतो तेच शब्द, तोच सूर, फक्त गावांची नावं बदललेली. वर अकोल्यात गेलं तर तिथला माणूस म्हणतो, पाऊस आमच्या अंगावर पडतो, मुळा आमच्या दारातून जाते आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन आमचीच बाई डोंगर चढते. आमच्याच तालुक्यात देवळाली प्रवरेकडचा भाग १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या पाण्यावर आधीच भिजला. मुळेचं पाणी सत्तरच्या दशकातलं. म्हणजे प्रवरेकडचे आणि मुळेकडचे असा एक जुना हेवा घरातच आहे.

या सगळ्यांत ज्यांचं बोलणं मला सर्वांत खरं वाटतं, ती माणसं टपरीवर क्वचितच असतात. धरणाच्या फुगवट्यापलीकडं वावरथ आणि जांभळी ही गावं आहेत. धरण झालं आणि त्यांचा राहुरीचा सरळ रस्ता पाण्याखाली गेला. पुलाची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे; तोवर माणसांनी होडीनं पाणी ओलांडायचं. "आपलं पाणी, आपलं धरण" असं आम्ही म्हणतो तेव्हा त्या "आपलं"मध्ये ही माणसं असतात का? वरच्याचं आणि खालच्याचं भांडण मोजून मोजून आम्ही बोललो, पण ज्याच्या जमिनीवर ते पाणी उभं आहे त्याचा वाटा किती, याला आमच्या वादात अजून आकडा नाही. हे मला डाचतं.

टपरीवरचा वाद कितीही तापला तरी तुटत नाही, याचं कारण मी शोधत आलो आहे. मला वाटतं, ते चारीत आहे. काल तोंड फिरवून गेलेला माणूस आज रात्रीची लाईट आली की त्याच चारीवर दारे धरायला असतो. त्याचं पाणी झाल्याशिवाय माझं बारं येत नाही. बोलणं बंद ठेवून कसं चालेल? उलट पैठणच्या माणसाशी आमचा वाद झाला तो कोर्टात, पत्रकांत आणि मोर्च्यांत. पाणी सोडायच्या दिवशी नदीकाठच्या मोटारींची वीज तुटते, बंधाऱ्यांच्या फळ्या निघतात, काठाला पोलीस उभे राहतात. ज्याच्याकडं पाणी चाललंय त्याचा चेहरा आम्ही पाहिलेला नसतो, आणि त्यानं आमचा. त्याची मोसंबी जळाली की नाही हे आम्हाला ठाऊक नसतं, आमचा उभा ऊस कुणी चाऱ्याला तोडून दिला हे त्याला.

म्हणून मला एक साधी गोष्ट व्हावीशी वाटते. मुळेचं पाणी प्रवरेत जातं आणि प्रवरा नेवासा तालुक्यातल्या प्रवरासंगमला गोदावरीत. अलीकडं नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, पलीकडं गंगापूर तालुक्यातलं कायगाव. मधे पूल आहे, एसटी थांबते, चहा मिळतो. १५ ऑक्टोबरच्या आधी दर साली तिथं दोन्हीकडच्यांनी बसावं. मंत्री नको, वकील नको. राहुरीचे चार, नेवाशाच्या टेलचे चार, अकोल्याचे चार, वावरथ-जांभळीचे दोन, आणि गंगापूर-पैठणचे हवे तेवढे. आमच्या माणसांनी तिथं तीच जुनी वाक्यं म्हणावीत: कारखान्यांची, मुरणाऱ्या पाण्याची, कागदावरच्या पाण्याची. त्यांनीही उसाचं वाक्य तोंडावर म्हणावं. आवाज चढू द्यावेत. मला त्यांच्याकडून ऐकायचंय की आम्ही सोडलेल्या त्या २.१ टीएमसीतलं त्यांच्या गावच्या विहिरीपर्यंत किती पोचलं, आणि २०२३ च्या त्या हिवाळ्यात त्यांनी त्यावर काय जगवलं. एवढं उत्तर घेऊन मी राहुरीला परत आलो, तर टपरीवर निदान एक वाक्य तरी नवीन बोलता येईल.