आमचे चुकले

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतील एका विद्यार्थिनीने बाटलीची मोटरवर चालणारी पाणबुडी केली. शाळेच्या हौदात ती सरळ जाई, पण नाक काही खाली घालीना. तिचे आडवे सुकाणू बरोबर मध्यभागी होते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेले, आमच्या तोंडी 'पतवार' येते. ऐटीत सांगितले, "बेटा, पतवार मोठी कर." तिने ते दुप्पट केले. पाणबुडी फक्त मंदावली.

मग आम्ही पुस्तके उघडली. जॉन हॉलंड हे आयर्लंडहून अमेरिकेला गेलेले शाळामास्तर. १८७८ साली त्यांनी न्यू जर्सीतील पसेइक नदीत एका माणसाची, सुमारे १४ फुटी पाणबुडी चालवली. तिचीही आडवी सुकाणू मध्यभागीच होती आणि ती नीट बुडी मारीना. पुढच्या, १८८१ च्या बोटीत त्यांनी ती शेपटीशी नेली.

सुकाणूचा जोर क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. वेग निम्मा झाला, तर तेवढ्याच जोरासाठी चौपट क्षेत्रफळ हवे. पण नाक वळते ते जोर गुणिले मध्यापासूनचे अंतर, या हिशेबाने. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, लगेच कळेल.

मुलीने जुनेच लहान सुकाणू शेपटीशी लावले. पाणबुडीने बुडी मारली. आम्ही वर्गात जाऊन सर्वांसमोर म्हटले, "आमचे चुकले."

पालकहो, हे शब्द मुलांनी घरीही कधी ऐकावेत.