खाली-वर आच: किनाऱ्याच्या रस्त्याने ग्रिलरवरचा स्वयंपाक

प्रवासात बरोबर नेण्याजोगा विजेचा छोटा ग्रिलर म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन तापणाऱ्या प्लेटा. घरोघरी तो सँडविचपुरता वापरला जातो. ७०० ते १००० वॅटचा ग्रिलर पिशवीत सहज मावतो आणि दोन माणसांचे एका वेळचे जेवण त्यावर होते. तव्यापेक्षा त्याचे वेगळेपण एवढेच, की पदार्थाला खालून आणि वरून एकाच वेळी आच लागते. कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात हे काम निखाऱ्यांनी होई. धोंडस या काकडीच्या गोड पदार्थाचे पातेले मंद चुलीवर ठेवायचे आणि झाकणावर रसरशीत इंगळ पसरायचे. त्यामुळे मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने जाताना या यंत्रावर काय करावे, याचे उत्तर हॉटेलच्या मेनूकार्डापेक्षा तिथल्या जुन्या रांधपात अधिक चांगले सापडते.

प्रवास मोटारीने झाला, फेब्रुवारीत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवली की पनवेल-पेणचा वळसा वाचतो. गाडीत ग्रिलर चालत नाही, हे आधीच जाणून असावे. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ७५० वॅट घ्यायचे तर ६२ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. डॅशबोर्डावरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १५-२० अँपिअरचा असतो, तो लगेच उडतो. रेल्वेने जाणाऱ्यांनाही मुक्कामापर्यंत थांबावे लागते. डब्यातली सॉकेटे मोबाइल आणि लॅपटॉपपुरती असतात, त्यांवर स्वयंपाकाची उपकरणे लावायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

अलिबागच्या बाजारात या दिवसांत पांढऱ्या कांद्याच्या वेण्या लटकू लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा चवीला गोडसर, तिखटपणा अगदी कमी. ग्रिलरवरचा पहिला पदार्थ म्हणून त्याहून चांगले काही नाही. बोटभर जाडीच्या चकत्यांना तेलाचा हात लावायचा, मीठ मात्र भाजून झाल्यावर घालायचे. आधी घातले तर पाणी सुटते आणि कांदा भाजण्याऐवजी शिजतो. सात-आठ मिनिटांत कडा तांबूस होतात. पाव, भाजलेला कांदा आणि वर लिंबू, एवढ्यावर मुरूडच्या मुक्कामाची रात्र भागली.

रायगडच्या या भागात थंडीत पोपटी लागते. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी रचलेले मडके उपडे करून भोवती जाळ करतात. ग्रिलरवर तिची बरोबरी होत नाही, कारण बंद मडक्यात कोंडलेली वाफ इथे मिळत नाही. उघड्यावर टाकलेल्या शेंगा चिवट होतात. केळीच्या दोन पानांमध्ये भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगांचा एकच थर ठेवला, तर वास तरी ओळखीचा येतो. पण पोपटी शेतात, माणसांच्या घोळक्यातच खावी.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी सुपारी-नारळाच्या वाड्यांची ओळ लागते. इथे मुक्काम बहुधा घरगुती खोल्यांत होतो, आणि विजेचा प्रश्न इथेच नीट समजून घ्यावा लागतो. खोलीतले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला १००० वॅटचा ग्रिलर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे तो एकटा चालतो. त्याच बोर्डावर १५०० वॅटची किटली लावली तर वायर तापते. पातळ वायरीचे एक्स्टेन्शन तर वापरूच नये. वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी दाब उतरतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर ती सुमारे तीन चतुर्थांश उरते. आठ मिनिटांचा पदार्थ अशा वेळी अकरा-बारा मिनिटे घेतो. दिवा मंद दिसला की घाई सोडावी आणि झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

घरमालकांना आधी विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही. दिवेआगर, केळशी, गुहागर इथली अनेक घरे शाकाहारी आहेत. तिथे मासळी खोलीत आणणे त्या घराला दुखावणारे असते. विजेचा भार त्यांचा, बिलही त्यांचे. ७५० वॅटचा ग्रिलर वीस मिनिटांत पाव युनिट घेतो, तरी ‘काकू, ओट्यावर थोडा वेळ लावू का?’ असे विचारलेले बरे. बहुतेक वेळा होकार येतो, आणि सोबत परसातले केळीचे पानही.

ते पान हाती आले की ग्रिलरचा खरा पदार्थ करता येतो, पानगी. तांदळाचे पीठ, ताक, मीठ, चिमूटभर साखर आणि चमचाभर साय एवढेच साहित्य. तव्यावरच्या पानगीला उलटण्याची कसरत असते, ग्रिलरवर ती नाही. मात्र पीठ तव्यापेक्षा घट्ट हवे. बऱ्याच ग्रिलरांची खालची प्लेट पुढे उतरती असते, पातळ पीठ पानातून ओघळून थेट तेलाच्या खाचेत जाते. पान आधी तापलेल्या प्लेटेवर क्षणभर धरून मऊ करायचे म्हणजे घडीला चिरत नाही. त्याला तेल लावून पीठ बोटांनी थापायचे, वर दुसरे पान ठेवून झाकण टेकवायचे, दाबायचे नाही. सहा ते आठ मिनिटांत पानाला तपकिरी डाग पडतात आणि ते आपसूक सुटू लागते. सुटत नसेल तर पानगी कच्ची आहे, ओढू नये. प्लेटेच्या रेघांमुळे वाफेला वाट मिळते, म्हणून मधला भागही चिकट राहत नाही. सोबत लोणी किंवा लसणीची चटणी असली की न्याहारी पूर्ण होते. प्लेटही स्वच्छ राहते, कारण पदार्थ तिला कुठेही लागत नाही.

बाग मांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. वेळास, केळशी, आंजर्ले करत रस्ता हर्ण्याला येतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर मासळीचा लिलाव. दोन-चार बांगडे हवे असणाऱ्याने लिलावात न शिरता कडेला बसलेल्या मावशींकडून घ्यावेत. गलफडे लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबले तर खळगा न राहणारे अंग, ही निवड ठरलेली. बांगड्याबाबत एक काळजी फार महत्त्वाची आहे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होते आणि ते कितीही भाजले तरी नष्ट होत नाही. म्हणून बर्फ मासळीच्या आधी विकत घ्यावा. ३२ अंशांवरच्या उकाड्यात तासाभराहून अधिक काळ मासळी उघडी ठेवू नये.

बांगड्याला तिरके छेद देऊन मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ पंधरा मिनिटे लावले की पुरे. त्याहून अधिक वेळ आंबटात राहिला तर मांस भुसभुशीत होते. उघडा भाजायचा असेल तर बाहेरचे पाणी पुसून तेल मासळीलाच चोळावे. पानात गुंडाळून भाजणे मात्र अधिक चांगले. आठ-दहा मिनिटे लागतात, रस पानातच राहतो आणि वास खोलीभर पसरत नाही. काट्याजवळचे मांस पांढरे होऊन सहज सुटले की तो झाला. कोंबडीला हा ग्रिलर फारसा योग्य नाही. हाडाजवळ ७४ अंश तापमान पोचेपर्यंत बाहेरचा भाग कोरडा पडतो. त्यापेक्षा कोळंबी बरी, तीन-चार मिनिटांत होते.

दाभोळहून धोपाव्याला, पुढे तवसाळहून जयगडला अशा आणखी दोन फेरीबोटी लागतात. मधल्या गुहागरच्या मुक्कामात वांग्याच्या चकत्या, रताळी, आदल्या दिवशीच्या पोळ्यांत गूळ-खोबरे भरून केलेली घडी, असे साधे पदार्थ झाले. रताळे अर्ध्या इंचाहून जाड चिरू नये.

साफसफाई जेवणाइतकीच नेमकी हवी. प्लग काढून ग्रिलर कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसावा, पाण्यात कधीही बुडवू नये. मासळीचा वास लिंबाच्या अर्ध्या फोडीने जातो. नॉनस्टिक लेपावर सुरी-चमचा चालवू नये, लाकडी उलथने ठेवावे. रिकामा ग्रिलर तापत ठेवू नये, कारण २६० अंशांपुढे तो लेप खराब होऊ लागतो. पूर्ण थंड झाल्यावर दोन प्लेटांमध्ये वर्तमानपत्राची घडी घालून तो पंच्यात गुंडाळावा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी पिनांवर थर चढतो आणि सैल जोडातून ठिणगी उडते. त्या रोज कोरड्या फडक्याने घासून ठेवल्या, की रत्नागिरीपर्यंतच नव्हे, पुढे मालवणापर्यंतही ग्रिलर कुरकुर न करता चालतो.