वहीतला तिसरा रकाना

आयुष्यभर खेळ शिकवलेल्या माणसाला एक खोड जडते, ती मरेपर्यंत सुटत नाही. चार पोरे कुठे एकत्र दिसली की तो मनातल्या मनात संघ निवडू लागतो. कोकणातल्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, तरी लग्नाच्या मांडवात वाढपी पोरांची धावपळ बघून मी ठरवतो, हा स्लिपमध्ये उभा राहील, हा कव्हरला, आणि त्या जाड्याला आपण विकेटमागे ठेवू. बायको म्हणते, "तुमची निवड समिती कबरीतसुद्धा बसणार."

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेला गेलो. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचे गाव आहे, तिथे त्याचे घर. नातू तेव्हा बारावीला होता. त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. कधी मराठीत बोललाच तर मला 'तू' म्हणतो. इंग्रजीत लहानथोरांना एकच सर्वनाम, त्याला तो काय करणार! मला ते गोडच वाटते. पण पहिले पंधरा दिवस आमचे बोलणे 'खाना खाया?' आणि 'हां दादा' यांच्यापुढे सरकेना. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे पुरेशी मराठी नव्हती आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे बेसबॉल नव्हता. त्याचे सगळे जग बेसबॉलचे. शाळेच्या संघात तो दुसऱ्या बेसवर खेळायचा.

शेवटी मीच एक दिवस वाण्याच्या हिशेबासारखी लांब वही घेऊन त्याच्यापुढे बसलो आणि म्हटले, "मला तुझा खेळ शिकव. मी तुला संघ निवडायला शिकवतो."

केटीपासून गाडीने दीड तासावर कॉलेज स्टेशन हे गाव आहे. तिथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आहे आणि नातवाचा जीव त्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघात अडकलेला. २०२४ च्या जूनमध्ये हा संघ ओमाहा शहरात कॉलेजांच्या जागतिक मालिकेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. नावाला 'जागतिक', खेळतात फक्त तिथलीच कॉलेजे. तीन सामन्यांची अंतिम फेरी. तिसरा सामना टेनेसीने ६-५ असा जिंकला. एका धावेने पेला हुकला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुख्य प्रशिक्षक संघ सोडून टेक्सास विद्यापीठाकडे, म्हणजे अगदी हाडवैऱ्याकडे, निघून गेला. त्याच्या जागी फलंदाजी शिकवणारे मायकेल अर्ली आले. एवढे होऊनही २०२५ च्या मोसमाआधीच्या मानांकनात देशात पहिला क्रमांक याच संघाला मिळाला. नातू छाती फुगवून हिंडत होता.

बेसबॉल ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. चेंडू फेकणारा तो पिचर. त्याला वगळून मैदानात जे आठ जण उभे असतात आणि बॅटही धरतात, ते 'पोझिशन प्लेअर'. पिचरच्या बदल्यात फक्त बॅट चालवणारा एक गडी वेगळा असतो, तोही यांच्यातच धरायचा. मोसमात छप्पन्न सामने असतात; बहुधा शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच संघाशी, आणि मधल्या वारी आणखी एखादा. पिचरला हात दुखेल म्हणून मध्ये विश्रांती मिळते. हे आठ-नऊ जण मात्र रोज उभे. म्हणून मोसमापूर्वी यांची पारख नीट झाली पाहिजे, असे नातवाचे म्हणणे. मला ते पटले. गोलंदाज सामना जिंकून देतो, पण मोसम क्षेत्ररक्षकांच्या पायांवर उभा असतो, हे मीही पोरांना सांगत आलो होतो.

आम्ही वहीत दोन रकाने आखले. पहिला, 'काय केले आहे'. दुसरा, 'काय करू शकेल'. पहिला नातवाच्या आकड्यांचा, दुसरा माझ्या डोळ्यांचा. तो जुन्या सामन्यांच्या फिती दाखवायचा, मी पाय आणि खांदे बघायचो.

पहिले नाव जेस लाव्हायलेट. हा आमच्या केटीच्याच शाळेतला मुलगा, त्यामुळे घरचाच. डावखुरा, सहा फुटांच्या वर, आउटफिल्डचा खेळाडू. कॉलेजच्या पहिल्या वर्षी २१ होमरन, दुसऱ्या वर्षी २९. पहिल्या रकान्यात नातवाने हे आकडे ठसठशीत लिहिले. मी दुसऱ्यात लिहिले, 'चेंडू लागला तर तळ्यापार, पण चुकतोही पुष्कळ.' नातू रागावला.

दुसरा गॅव्हिन ग्रॅहोवॅक, तिसऱ्या बेसचा. पहिल्याच वर्षी २३ होमरन. मी लिहिले, 'मनगट सोन्याचे.' तिसरा केडन केंट. याचे वडील जेफ केंट हे २००० साली नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. मुलगा २०२४ मध्ये बराच काळ बाकावर होता. मग ऑरेगॉनविरुद्धच्या निर्णायक फेरीत संधी मिळाली आणि पठ्ठ्याने तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू कुंपणापार टोलवला. आता शॉर्टस्टॉपची जागा त्याला सांभाळायची होती. त्या जागेला आमच्या पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाची नजर आणि यष्टिरक्षकाचे हात, दोन्ही लागतात. मी लिहिले, 'बापाच्या नावाचे ओझे आहे, पण पाय हलके आहेत.'

हेडन शॉट कोलंबियातून आलेला, वायट हेन्सेलर पेनसिल्व्हेनियातून. ही दोन्ही नावाजलेली, अभ्यासाची विद्यापीठे. तिथून शिकून मुले खेळासाठी टेक्सासला येतात, याचे मला नवल वाटले. नातवाने समजावले, आता कॉलेज बदलणे सोपे झाले आहे. दरवर्षी अर्धा संघ नवा असतो. कॅचरची जागा तर रिकामीच झाली होती, तिथे नवा माणूस बसवायचा होता. मी म्हटले, "म्हणजे ओमाहाला जो संघ हरला, तो हा नव्हेच! तू मानांकन कुणाला देतोस, नावाला की माणसांना?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तू निगेटिव्ह आहेस."

फेब्रुवारीच्या मध्यावर मोसम सुरू झाला आणि मुलाने आम्हाला एक सामना दाखवला. त्या मैदानाची मजा सांगण्यासारखी आहे. आपल्या संघाची धाव झाली की प्रेक्षक साबणाचे फुगे उडवतात. म्हातारे, तरणे, सगळे फुंकतात. विरुद्ध पिचरने चार वाईट चेंडू टाकून फलंदाजाला फुकट बेस दिला की पुढच्या वाईट चेंडूला 'पाच', मग 'सहा' असे ओरडत राहतात, तो सुधारेपर्यंत. आमची दादी फुगे उडवून दमली. नातू मध्येच माझ्या वहीत खुणा करत होता. त्या संध्याकाळी त्याच्या-माझ्यात भाषेची अडचण उरली नव्हती.

आणि मग आमची वही खोटी पडू लागली.

ग्रॅहोवॅक सहा सामने खेळला आणि खांद्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला. केडन सोरेल नावाचा चांगला आउटफिल्डर मांडीच्या स्नायूमुळे सुरुवातीचे सामने मुकला. लाव्हायलेटने १८ होमरन मारले, पण त्याची सरासरी आदल्या वर्षीच्या ३०५ वरून २५८ वर घसरली. तिथे सरासरी हजारात मोजतात. पहिल्या क्रमांकाचा संघ ३० सामने जिंकला आणि २६ हरला. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात, त्या चौसष्टांतही त्यांचे नाव आले नाही. शेवटच्या दिवसांत, परिषदेच्या स्पर्धेत, लाव्हायलेटच्या हाताचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरला. हे आमच्या कुठल्या रकान्यात लिहायचे?

त्याच वसंतात घरातही एक वही खोटी पडली. एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाने नातवाला शब्द दिला होता, शिष्यवृत्ती नाही, पण संघात ये, जागा देतो. तिथे अशा मुलांना 'वॉक-ऑन' म्हणतात. पूर्वी एका संघाला सगळ्या मिळून ११.७ शिष्यवृत्त्याच देता यायच्या. त्या पुष्कळांत तुकडे करून वाटायच्या आणि बाकीची मुले स्वखर्चाने खेळायची. आता खेळाडूंना पैसे देण्यासंबंधीचा मोठा खटला मिटत होता आणि त्यात नवा नियम येत होता: शिष्यवृत्त्या हव्या तितक्या द्या, पण त्यात सामील कॉलेजांच्या संघात मुले फक्त ३४. न्यायालयाने तो समझोता २०२५ च्या जूनमध्ये मंजूर केला, पण प्रशिक्षकांनी माणसे आधीच मोजायला घेतली होती. व्यावसायिक संघांची निवडही पूर्वी ४० फेऱ्यांची असे, ती २०२१ पासून २० फेऱ्यांची झाली. म्हणजे वरची मुले वर जाईनात, मोठ्या कॉलेजांतून सुटलेली मुले लहान कॉलेजांत उतरली आणि सगळ्यात खाली उभी असलेली शाळकरी पोरे पायरीवरून घसरली. नातवाला चार ओळींचा निरोप आला. तुझ्या खेळाविषयी आदर आहे, पण जागा नाही.

तो तीन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. सूनबाई दाराशी ताट ठेवायची, ताट तसेच परत यायचे. मुलगा मला म्हणाला, "अब्बा, तुम्ही बोला. तुम्ही किती मुलांना काढलंय, तुम्हाला ठाऊक असेल काय बोलायचं."

मुलगा सहज बोलून गेला, पण मला रात्रभर झोप लागली नाही. किती मुलांना काढले मी! साल बहुधा १९८६ असावे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी निवड चाचणी होती. खाडीपलीकडच्या गावातला एक मुलगा आला होता. डोळे जड, पाय ओढत धावत होता, दोन सोपे झेल सोडले. मी वहीत लिहिले, 'हालचाल मंद, उत्साह नाही', आणि नावावर काट मारली. आमच्याच समाजातला मुलगा होता. त्याला घेतले तर लोक म्हणतील सरांनी आपला माणूस घेतला, हेही तेव्हा मनात होते. ते मी वहीत लिहिले नाही.

पुष्कळ वर्षांनी तो मला बंदरावर भेटला. दोन होड्यांचा मालक झाला होता. त्याने चहा पाजला, मासळी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाला, "सर, त्या दिवशी मी रात्रभर जाळ्यावर होतो. पहाटे होडी लागली ती तसाच मैदानावर आलो. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं." आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपे गेले असते.

चौथ्या दिवशी मी नातवाच्या दाराशी बसून ही गोष्ट त्याला सांगितली. मराठीतच सांगितली, दारातूनच. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग दार उघडले आणि त्याने विचारले, "तू त्याला सॉरी म्हटलं?"

मी म्हटले, "नाही. मासळी घेऊन घरी आलो."

तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. मी वही आणली आणि जुन्या दोन रकान्यांशेजारी पट्टीने तिसरा आखला. नातवाने विचारले, याचे नाव काय? मी लिहिले, 'वल्लाहु आलम'. अल्लाहलाच ठाऊक. मग एकेका नावापुढे आम्ही तो भरत गेलो. खांदा. मांडीचा स्नायू. प्रशिक्षक गेला. घरची आठवण. रात्री झोप लागली का. केडन केंटपुढे त्याने लिहिले, 'बाबा बघताहेत.' सगळ्यात शेवटी त्याने स्वतःचे नाव लिहिले. पहिल्या रकान्यात आपले आकडे खरे खरे लिहिले, काही वाढवले नाही. दुसरा रकाना माझ्याकडे सरकवला. मी लिहिले, 'हात मऊ, नजर चांगली, बॅट थोडी उशिरा येते.' ते वाचून तो हसला. "दादा, कोचने पण हेच सांगितलं." तिसरा रकाना त्याने रिकामा ठेवला.

जूनमध्ये आम्ही परत आलो. येताच मी बंदरावर गेलो. खाडीपलीकडचा तो मुलगा आता साठीकडे झुकलेला, गुडघ्यांनी बेजार. मी जे म्हणायला गेलो होतो ते म्हटले. तो गोंधळून गेला. "सर, कशाला ते आता," म्हणत पुन्हा मासळी बांधू लागला. या वेळी मी पैसे देऊन आलो.

नातू आता तिथल्याच एका विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजच्या संघात नाही, रविवारी मित्रांबरोबर खेळतो. २०२६ च्या जानेवारीत रात्री त्याचा फोन आला. आमच्याकडे इशाची नमाज होऊन जेवणे झाली होती, त्याच्याकडे सकाळ होती. म्हणाला, "दादा, वही काढ. ग्रॅहोवॅक परत आलाय."

मी चष्मा शोधला, पट्टी घेतली. "पहिल्या रकान्यात काय लिहू? गेल्या वर्षी सहाच सामने."

"तो नंतर," नातू म्हणाला. "आधी तिसरा."