चांद्याचा वीकेंड, बाटुमीचा डाव

ताडोबाला जाऊन वाघ न बघता परतलेल्या माणसासारखा बिच्चारा प्राणी दुसरा नसतो. सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न एकच, 'दिसला का?' जुलै 2025 च्या शेवटच्या वीकेंडला आमचं तेच झालं. पावसाळ्यात कोअर बंद, म्हणून बफरची सफारी घेतली. जिप्सीत मनसोक्त भिजलो, मोर पाहिले, चितळं पाहिली. साहेब काही आले नाहीत.

गाइड मात्र एकदम सही होता. मध्येच हात वर करून गाडी थांबवायचा आणि कुजबुजायचा, 'कॉल आहे.' लांब कुठेतरी वानर खाकरल्यासारखं ओरडायचं, मागोमाग चितळाची शिट्टी. वाघ हलला की जंगल असं बोलतं म्हणे. पण तो निघालाय कुठे, ते वानर सांगत नाही. ते आपणच ओळखायचं.

हा कॉल लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

परतीची गाडी मंगळवार सकाळची होती. सोमवारचा मुक्काम चंद्रपुरात, मित्राच्या घरी. जुनी मंडळी अजून 'चांदा'च म्हणतात. बहुतेक पर्यटक इथे फक्त चहाला थांबतात आणि मोहर्लीकडे सुटतात, हे आपलं नुकसान. गोंड राजांनी बांधलेला परकोट आजही शहराभोवती उभा आहे आणि जटपुरा गेटमधून रोजचा ट्रॅफिक जातो. दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाचे ट्रक. त्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार होता. झरपट नदीकाठच्या अंचलेश्वराला ही गर्दी! शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईनं बांधून घेतली. पाऊस, बेलाची पानं, ओला दगड... कॅमेरा बाहेर काढावाच लागतो.

घरी आलो तर वातावरण वर्ल्ड कप फायनलचं. खरोखरच होती! जॉर्जियातल्या बाटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत. एका बाजूला 38 वर्षांची कोनेरू हंपी, 2002 मध्येच ग्रँडमास्टर झालेली. दुसऱ्या बाजूला 19 वर्षांची दिव्या देशमुख. नागपूरची, म्हणजे इथल्या हिशेबात शेजारच्या घरातली. शनिवार-रविवारचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते. आज टायब्रेक.

मित्राचे वडील निवृत्त शिक्षक. समोर लाकडी पट, त्यावर झिजलेली मोहरी, हातात उपासाची साबुदाण्याची उसळ. मित्र टीव्हीवर थेट प्रक्षेपण लावून बसलेला. आणि दारात उभी त्याची अकरा वर्षांची पुतणी. ही स्वतः खेळते. खेळायची. महिन्याभरापूर्वी स्पर्धेत हरली, घरी येऊन तिनं आपले डाव संगणकाला दाखवले आणि त्यानं प्रत्येक दुसऱ्या चालीवर लाल खूण केली. तेव्हापासून पटाला हात नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही, त्यांच्यासाठी फंडा सोपा आहे. बाटुमीतल्या पटाखाली सेन्सर असतात. प्यादं सरकलं की चाल नेटवर. स्क्रीनच्या कडेला एक काळी-पांढरी उभी पट्टी. पांढऱ्याचा डाव वरचढ झाला की पांढरा रंग वाढतो, काळ्याचा झाला की काळा. पट्टीवर 1 आला, तर समजा एका प्याद्याइतका फायदा. ही पट्टी बहुधा स्टॉकफिश नावाचा प्रोग्राम हलवतो. 2008 पासूनचा, चकटफू. 1997 मध्ये कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला 'डीप ब्लू' नावाचं धूड उभं करावं लागलं होतं. आज त्याहून तगडा खेळाडू तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बसतो.

परिणाम? आपण सगळे एका रात्रीत एक्स्पर्ट! डिसेंबर 2024 मध्ये सिंगापुरात डिंग लिरेननं 55वी चाल केली, हत्ती चुकीच्या घरात ठेवला, आणि गुकेशला स्वतःला कळायच्या आधी घराघरात पट्टी बघून ओरडा झाला होता.

पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. मित्र नजर न हलवता पट्टी बघत होता, 'काळं वाढून राह्यलं! हंपी चुकली!'

'काऊन चुकली?' काकांनी विचारलं.

मित्र गप्प. पट्टी कारण सांगत नाही.

आणि तेवढ्यात जोराची सर आली, लाइट गेली. टीव्ही बंद, वायफाय बंद. मोबाइलला रेंज एवढीच की नुसत्या चाली यायच्या. काकांनी मेणबत्ती लावली आणि नातीला म्हणाले, 'माय, तू चाली वाच. मी मांडतो.'

ती नाइलाजानं बसली. वाचायला लागली. चारेक चालींनंतर तिचा आवाज बदलला. 'आबाजी, थांबा ना. इथं प्यादं पुढं गेलं असतं तर?' काकांनी प्यादं पुढे सरकवलं. 'मग पांढरा काय करते?' ती विचारात. मग तिनंच हत्ती हलवून दाखवला. खरं सांगतो, त्या वीसेक मिनिटांत मला जेवढं बुद्धिबळ कळलं, तेवढं पट्टीकडे बघून अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं.

लाइट आली तेव्हा कळलं की मधल्या वेळात दिव्याचा जिंकत आलेला डाव निसटून पुन्हा बरोबरीकडे झुकला होता. मित्र कपाळावर हात मारणार, तोच पट्टी परत काळी झाली. घड्याळ पळत होतं, हंपीचा हात पुन्हा चुकला होता. थोड्या वेळानं तिनं डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड! दिव्या आईच्या मिठीत रडत होती. स्पर्धेत उतरताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषकासोबत किताबही थेट मिळाला. ती भारताची 88वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

गल्लीत कुणीतरी फटाके लावले. आमच्याकडे पेढे.

मग दिव्या मुलाखतीत म्हणाली की एंडगेम आपण बिघडवला, तो शिकायला हवा. पुतणी टीव्हीकडे बघतच राहिली. 'म्हणजे हिलाही लाल खुणा येतात?'

'येतातच ना,' काका म्हणाले. 'ते मशीन काय चुकलं तेवढं सांगते, माय. काऊन चुकलं, ते आपल्यालेच पाहा लागते.'

वानराचा कॉल आठवला. ओरडतं ते, माग काढायचा आपण.

मंगळवारी पहाटे बॅग घेऊन निघालो, तर ओसरीवर पट मांडलेला. तिचा जुना, हरलेला डाव. ती एकटीच बसून होती, मोबाइल पालथा. 'काका, बाय,' एवढंच म्हणाली, वर न बघता.

ऑफिसात विचारलंच, 'दिसला का?'

म्हटलं, वाघ नाही दिसला. पण ट्रिप जबरी झाली.

जायचंय?
कसं जाल: नागपूरहून रस्त्यानं साधारण दीडशे किलोमीटर, वरोरा-भद्रावतीमार्गे. वाटेत वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. रेल्वेनं चंद्रपूर किंवा बल्लारशाह.
काय बघाल: परकोट आणि त्याचे दरवाजे, महाकाली मंदिर, अंचलेश्वर आणि गोंड राजांच्या समाध्या.
ताडोबा: मंगळवारी बंद. पावसाळ्यात कोअरऐवजी बफर. उन्हाळ्यात जाणार असाल तर टोपी, पाणी आणि हिंमत जवळ ठेवा.