ते दोन ठिपके राहू देत

चि. मुक्ता हिस,


रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मावशी, अठरा रीडिंगांपैकी दोन रेषेवर बसत नाहीत. सीनियर म्हणतात, काढून टाक, पेपर लगेच जाईल." तेव्हा मी काही बोलले नाही. पण तेच मनात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

उपकरण बिघडलं होतं, नमुना खराब झाला होता, असं कारण असेल तर रीडिंग गाळ. मात्र गाळल्याचं पेपरात कारणासकट लिही. ग्राफ देखणा दिसावा एवढंच कारण असेल, तर ती लबाडी आहे. रेफरी तुझ्या लॅबमध्ये येऊन बसत नाही. तू दिलेले आकडे खरे आहेत असं धरूनच तो वाचतो. सगळा डोलारा या विश्वासावर उभा आहे.

तो मोडला की काय होतं ते बघ. १९९८ मध्ये ब्रिटनच्या 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा पेपर आला. अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवला होता. लस बनवणाऱ्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळत होते, हे वेकफील्ड यांनी त्यात सांगितलं नव्हतं. मुलांच्या आजाराचे तपशीलही फिरवलेले निघाले. तो पेपर 'लॅन्सेट'ने मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत कितीतरी आईबापांनी भीतीपोटी मुलांना लस दिली नाही, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

आता दुसरं नाव ऐक. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी 'सायन्स'मध्ये आलेला त्यांच्या गटाचा एक पेपर पुन्हा करून पाहता येईना. वही तपासली, तर महत्त्वाच्या प्रयोगांच्या नोंदीच नव्हत्या. २०२० च्या जानेवारीत त्यांनी तो पेपर मागे घेतल्याचं स्वतः जाहीर केलं, आपण नीट लक्ष दिलं नाही हे मान्य केलं आणि सगळ्यांची माफी मागितली. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

फेलोशिप संपत आलीय, गाईड घाई करतात, हे मला कळतं. पण प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीनेही २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तुझ्या विद्यापीठाची अट काय आहे ते एकदा विचारून घे.

आणि प्रयोग पुन्हा कर. ज्या दिवशीचं रीडिंग, त्याच दिवशी तारीख घालून पेनाने वहीत लिही. ते दोन ठिपके पुन्हा तिथेच आले, तर कदाचित तेच तुला काही सांगत असतील. उद्या कुणी अनोळखी मुलगी तुझ्या आकड्यांवर आपली चार वर्षं उभी करेल. मुक्ता, तिला फसवू नकोस.

तुझी,
मावशी