डान्स पॅड आणि आधाराचा दांडा
'व्यायाम करा' असं तुम्हाला रोज सांगणारा मी, पावसाळ्यात घरीच डान्स पॅडवर नाचतो! १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'च्या मोठ्या मशीनला पाठीमागे दांडा असतो. घरच्या पॅडला नसतो. मागच्या महिन्यात तोल गेला, हात टेकून पडलो. हाड वाचलं. पन्नाशीनंतर असं पडल्यावर मनगट सहज मोडतं.

मग प्लंबरकडून जीआय पाईपला आटे पाडून घेतले, पीव्हीसी वाकतो. दोन उभे पाईप, वर कमरेइतका आडवा. खाली जाड प्लायवूड, दांड्यामागेही हातभर. पॅड त्याच प्लायवर, म्हणजे आपलंच वजन दांड्याला धरून ठेवतं. आधी जोरात ढकलून पाहा.

दांडा तोल सावरायला आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याला धरून नाचत राहू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.